युरिया घातला की पाकळ्या का येतात?

प्रश्न: सर, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी निकेल हायड्रॉक्साइडचं इलेक्ट्रोड बनवतेय. निकेल नायट्रेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड ओतलं तर नुसता चिकट हिरवा गाळ मिळतो, युरिया घालून ऑटोक्लेव्हमध्ये (घट्ट बंद करून तापवायच्या भांड्यात) ठेवलं तर एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) मस्त पातळ पाकळ्या दिसतात. पण त्याच सॅम्पलची कपॅसिटी (चार्ज साठवायची क्षमता) सायकलिंगमध्ये, म्हणजे पुन्हापुन्हा चार्ज-डिस्चार्ज करताना, घसरत जाते. असं का होतं?

उत्तर: सगळा खेळ वेगाचा आहे. सोडियम हायड्रॉक्साइड ओतलं की पीएच एकदम वर जातो, एकाच वेळी असंख्य बारीक कण जन्माला येतात आणि त्यांना वाढायला निकेलच उरत नाही, मग ते एकमेकांना चिकटून गाळ होतो. युरिया मात्र ८०-९० अंशांच्या वर गेल्यावर हळूहळू फुटतो, अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यामुळे पीएच सगळ्या द्रावणात सारखा आणि सावकाश चढतो, कण थोडेच तयार होतात पण नीट वाढतात, आणि या हायड्रॉक्साइडची रचनाच थरांची असल्याने ते जाड न होता आडवे पसरतात. त्याच तुमच्या पाकळ्या. (ऑटोक्लेव्ह दोन तृतीयांशच्या वर भरू नका आणि पूर्ण गार झाल्याशिवाय अजिबात उघडू नका!)

आता घसरणीकडे येऊ. निकेल हायड्रॉक्साइडच्या अल्फा आणि बीटा अशा दोन रचना (फेज) असतात. युरियाने बहुतेकदा अल्फा फेज मिळते, म्हणजे थरांमध्ये पाणी आणि कार्बोनेटसारखे आयन अडकलेले असतात, थरांमधलं अंतर साधारण ७.५ ते ८ अँगस्ट्रॉम, बीटामध्ये ते ४.६ च असतं. ही ऐसपैस जागा चार्जिंगला फायद्याची, पण तीव्र पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये अल्फा टिकत नाही, हळूहळू बीटा होते. सायकलिंगआधी आणि नंतर एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासायची चाचणी) काढा, कॉपर के-अल्फा क्ष-किरण वापरत असाल तर ११-१२ अंशांजवळचा पीक जाऊन १९ च्या आसपास नवा आला की चोर सापडला. यावर उपाय म्हणजे थोडं अ‍ॅल्युमिनियम घालून बघा. त्याचा आयन तीन धनभारांचा, निकेलचा दोन, त्यामुळे थरांवर जास्तीचा धनभार येतो आणि मधले ऋण आयन घट्ट धरून ठेवले जातात. पीक हलला नसेल तर मात्र पाकळ्या निकेल फोमवरून (ज्या सच्छिद्र निकेलवर त्या वाढवतात) सुटतायत का ते बघा, चार्ज-डिस्चार्जमध्ये त्या फुगतात आणि आकसतात.

अजून एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कपॅसिटी फॅरडमध्ये, म्हणजे कपॅसिटरच्या एककात, लिहू नका. डिस्चार्जच्या ग्राफमध्ये सपाट पट्टा दिसत असेल तर हा बॅटरीसारखा पदार्थ आहे, मिलीअँपिअर-तास प्रति ग्रॅममध्येच लिहा. एका इलेक्ट्रॉनचा हिशेब धरला तर थिअरीप्रमाणे २८९ येतात, तुमचा आकडा त्याच्या बराच वर जात असेल तर आनंद होण्याआधी वजन परत तपासा. निकेल फोमवर वाढवत असाल तर फोम स्वतःही अल्कलीत चार्ज देतो, म्हणून निकेल मीठ न घालता तोच कोरा फोम त्याच ऑटोक्लेव्हमधून काढून मोजा आणि तो आकडा रिपोर्टमध्ये शेजारी दाखवा.