आधी फरशी पाहा, मग काट्याला दोष द्या

भाऊ, प्रश्न वाचला. तुमच्या आईचं, म्हणजे काकूंचं, वजन सकाळी घरच्या डिजिटल काट्यावर ५८.४ किलो, त्याच दुपारी ग्रामीण रुग्णालयात ६१.२, आणि डॉक्टरांनी विचारलं, "पाण्याची गोळी (अंगातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे काढणारी) रोज घेता ना?" आता घरात वाद पेटलाय की घरचा काटा खोटा की दवाखान्याचा. मी यवतमाळ जिल्ह्यात वजनकाटे दुरुस्त करतो, परवाना आहे. किराणा दुकानं, कृषी केंद्रं, जिनिंग हे माझं रोजचं गिऱ्हाईक. गोळ्या-औषधाचं डॉक्टरच सांगतील, मी काट्याचं सांगतो.

या पावणेतीन किलोत दोन्ही काटे अगदी ठणठणीत असू शकतात.

तुम्हीच लिहिलंय की घरी वजन उठल्याउठल्या होतं, अनशापोटी. रुग्णालयात पोचेपर्यंत काकूंचं जेवण झालं असेल, चहा झाला असेल, एसटीत बाटलीभर पाणी गेलं असेल. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, मग ते बाटलीत असो की पोटात. त्यात बाहेर जायचं लुगडं, पायात चपला, हातात पिशवी. नुसतं लुगडंच अर्धा-पाऊण किलो भरतं, नऊवारी असेल तर आणखी. बेरीज करून पाहा, दोन किलो कुठून आले ते कळेल.

आपण कापूस पिकवणारे लोक, आपल्याला हे काहून समजू नये? सरकारसाठी कापूस खरेदी करणारी सीसीआय ८ टक्क्यांपर्यंत ओलीचा कापूस पूर्ण हमीभावानं घेते, १२ च्या वर गेला की परत पाठवते. ओला कापूस काट्यावर जास्त भरतो, पण म्हणून बोंडं वाढली असं कोणी म्हणत नाही. माणसाच्या अंगात तर निम्म्याहून जास्त ओलच असते. रात्री ठेचा, पापड, लोणचं जास्त झालं की मिठापायी अंग पाणी धरून ठेवतं आणि सकाळी काटा वर जातो. मे महिन्यात वावरात दोन तास घाम गाळला की उलट होतं, काटा खाली येतो आणि दोन तांबे पाणी प्यालं की पुन्हा जागेवर. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. एका दुपारीत तेवढी चढत नाही आणि एका उपासात उतरतही नाही. सकाळ-संध्याकाळ काट्यावर चढून चेहरा पाडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता माझ्या कामाचं. खेड्यातून "काटा बिघडला" म्हणून माझ्याकडं येणारे घरगुती काटे पुष्कळदा बिघडलेले नसतात. बिघाड जमिनीत असतो.

काचेच्या काट्याच्या चार पायांत चार लोडसेल असतात. लोडसेल म्हणजे स्टीलची छोटी पट्टी, तिच्यावर ताण मोजणारा स्ट्रेन गेज चिकटवलेला. वजन पडलं की पट्टी केसभर वाकते, गेजचा विद्युत रोध बदलतो आणि चारही पायांची बेरीज होऊन आकडा येतो. या साऱ्या हिशेबाला एकच अट आहे, की सगळं वजन त्या चार पायांतूनच खाली गेलं पाहिजे. शेणानं सारवलेल्या जमिनीवर काटा ठेवला की पाय रुततात आणि काट्याचं पोट जमिनीला टेकतं. जेवढं वजन पोटातून खाली जातं तेवढं लोडसेलला कळतच नाही, काटा कमी दाखवतो. सतरंजीवर, चटईवर हेच. शहाबादी फरशी असली तरी सांध्यावर एक पाय अधांतरी राहिला की काटा डुगडुगतो आणि दर वेळी नवा आकडा देतो. तुमच्याकडं मागची खोली सारवलेली आहे असं लिहिलंय, म्हणून पहिला संशय माझा तिच्यावर. कडाप्प्याचा दोन फुटी तुकडा घ्या, नसेल तर जाड प्लायवूड, ते हलणार नाही असं पक्कं बसवा आणि त्यावर काटा कायमचा ठेवा. उचलून कपाटाखाली सरकवायचा नाही.

उचलला तर आणखी एक भानगड होते. जागा बदलली की काट्याचं शून्य हलतं आणि पुष्कळ काट्यांवर पहिला आकडा चुकीचा येतो. पायानं एकदा दाबून सोडा, ०.० येऊन काटा बंद होऊ द्या, मग चढा. काही काट्यांत तर कंपनीनंच चलाखी केलेली असते. नवं वजन मागच्याच्या अगदी जवळ असेल तर ते जुनाच आकडा पुन्हा दाखवतात, म्हणजे गिऱ्हाईक म्हणतं, वा, काय पक्का काटा आहे! मला हे पटत नाही. तुमचा काटा तसला आहे का ते सोपं कळतं. एकदा वजन करा, लगेच दुसऱ्यांदा अर्धा लिटरची भरलेली बाटली हातात घेऊन चढा, मग तिसऱ्यांदा बाटली ठेवून. बाटलीनंही आकडा हलला नाही तर काटा तसलाच समजा.

आणि हे विचारायचंच राहिलं, काकू काट्यावर दाराची चौकट धरतात का? वयस्कर माणसं तोल जाईल म्हणून धरतातच. हात टेकवला की किलो-दोन किलो सहज कमी दिसतात. रुग्णालयात मोकळ्या जागी काटा असतो, तिथं धरायला काही नसतं.

दवाखान्याचा काटा पवित्र असतो असंही नाही बाप्पा. तिथं सुईचा, स्प्रिंगचा काटा असेल तर वर्षानुवर्षं दाबून स्प्रिंग सैल पडते, आणि शून्याचं चाक कोणी फिरवलेलं नसतं. सुई बाजूनं पाहिली तर अर्धा किलो इकडंतिकडं वाचला जातो. ओपीडीच्या गर्दीत सिस्टरनं पॉइंटनंतरचा आकडा सोडून दिला तर तिलाही बोल लावता येत नाही. चढण्याआधी काट्यावर शून्य आहे का एवढं आपणच पाहायचं.

दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापनवाले, म्हणजे सरकारचं वजन-मापं तपासणारं खातं, दरवर्षी पडताळणी करून शिक्का मारतात. घरच्या काट्याला कोणी विचारत नाही. शिक्क्याच्या काट्यालाही थोडी सूट असतेच. १०० ग्रॅमच्या टप्प्यानं आकडा दाखवणाऱ्या, अचूकतेच्या तिसऱ्या वर्गातल्या (दुकानात चालतो तसल्या) काट्यावर ६० किलो ठेवले तर पडताळणीत १०० ग्रॅम आणि वापरात २०० ग्रॅम इकडंतिकडं चालतं. म्हणून ५८.४ मधल्या त्या चारवर फार जीव टाकू नका. चिखलदऱ्याला वजन कमी भरतं का, असंही लोक मला विचारतात. भरतं, उंचीमुळं, पण साठ किलोच्या माणसाला दहा-पंधरा ग्रॅम. तुमच्या काट्याला ते दिसणारही नाही.

काटा तपासायचा असेल तर ओळखीच्या दुकानातून शिक्क्याची २० किलोची दोन लोखंडी वजनं तासाभरासाठी आणा. आधी नुसती वजनं मधोमध ठेवून पाहा. मग स्वतः चढा, आकडा लिहा, आणि त्यातलं एक वजन हातात घेऊन पुन्हा चढा. वीसच वाढले पाहिजेत. कमी वजनावर बरोबर आणि साठच्या पुढं चुकणारे काटे मी पाहिलेत, म्हणून ही दुसरी पायरी सोडू नका. युरियाच्या गोणीनं तपासत असाल तर ती आता ४५ किलोची येते, ५० धरून काट्याला शिव्या घालू नका.

काकू पाण्याची गोळी घेतात, म्हणून एक गोष्ट नक्की करा. दवाखान्याचा आकडा आणि घरचा आकडा एका ओळीत लिहून तुलना करायची नाही. घरचा काटा, तीच जागा, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तशाच हलक्या कपड्यांत. आकडा कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचा. काटा दीड किलो कमी दाखवत असला तरी रोज तेवढाच कमी दाखवत असेल तर वाढ-घट बरोबर कळते, आणि डॉक्टरांना तीच पाहिजे असते. हृदयाच्या पेशंटला तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर वाट न पाहता कळवा असं डॉक्टर साधारण सांगतात. काकूंसाठी आकडा किती, ते त्यांच्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. पायाला सूज आली किंवा आडवं झाल्यावर दम लागला, तर काटा काहीही म्हणो, दवाखाना गाठा.

पुढच्या तारखेला घरचा काटा पिशवीत घालून सोबत न्या. तिथल्या पक्क्या फरशीवर, त्याच कपड्यांत, दोन्ही काट्यांवर लागोपाठ वजन करा आणि जो फरक येईल तो मार्करनं घरच्या काट्याच्या मागं लिहून टाका. महिन्यानं पुन्हा तसंच करा. फरक तेवढाच निघाला तर काटा ठेवा. दर वेळी वेगळा निघाला तर बॅटरी बदलून एकदा पाहा, आणि तरीही तेच असेल तर दुरुस्तीत पैसे घालू नका, माझ्याकडंसुद्धा आणू नका. नवा घेताना रुंद पाट्याचा घ्या, काकूंना चौकट न धरता उभं राहता येईल असा.