दहावीत पहाटे चारला उठून अभ्यास करावा का, आणि कोणत्या विषयाला रोज किती तास द्यावेत?

शाळा आणि क्लास आटोपून घरी यायला सायंकाळचे सात वाजतात, असे तुम्ही लिहिले आहे. तेव्हा पहाटे चारला उठू नका. जेवण आणि गृहपाठ उरकून तुम्ही अकराच्या आत झोपणार नाही, आणि पाच तासांच्या झोपेवर केलेला अभ्यास हा बहुधा आईवडिलांच्या समाधानापुरताच असतो. हे जरा कडवटपणे लिहीत आहे, त्याला कारण आहे.

मी १९९३ मध्ये दहावीला होतो. वडील स्वतः कंदिलाच्या उजेडात शिकलेले असल्यामुळे ब्राह्ममुहूर्तावर त्यांची अढळ श्रद्धा होती. जूनमध्येच त्यांनी तीन रंगांच्या शाईने वेळापत्रक आखून कपाटाच्या दारावर चिकटवले आणि रोज चारला मला उठवू लागले. चार ते साडेपाच भूमिती. मी प्रमाणाचे मूलभूत प्रमेय पुन्हापुन्हा वाचत असे, साडेपाचला चहा घेताना वडील ते तोंडी विचारत, मी घडाघडा म्हणून दाखवत असे आणि ते समाधानाने अंघोळीला जात. पूर्वपरीक्षेत नेमके तेच प्रमेय आले. आकृती काढली, पक्ष लिहिला, साध्य लिहिले, कशीबशी रचना लिहिली आणि सिद्धतेची जागा कोरी राहिली. समान उंचीच्या त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचा आधार घ्यायचा असतो, हे परतताना सायकलवर आठवले. मी पुरेसा लवकर उठत नाही, असा निष्कर्ष वडिलांनी काढला आणि गजर साडेतीनवर नेला.

त्या वादात माझी बाजू मांडणारा पुरावा मला फार उशिरा सापडला. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे सरस ठरले. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे पुढे होते. वडिलांची तोंडी परीक्षा त्या पाच मिनिटांतली होती.

म्हणून प्रमेय वाचले की पुस्तक मिटून ते पाठकोऱ्या कागदावर लिहा, अडेल तेथे खूण करा, मगच पुस्तक उघडा, आणि तेच प्रमेय तीन-चार दिवसांनी पुन्हा लिहा. पूर्वपरीक्षेनंतर मी रात्री दहापर्यंत हेच करत असे. बोर्डाच्या परीक्षेत भूमितीने मला तारले, आणि वडील त्याचे श्रेय आजही साडेतीनच्या गजराला देतात. यंदा माझी पुतणी दहावीला आहे. तिच्या उशाशी तोच गजर आहे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तासांची झोप लागते, हे मी वडिलांना दोनदा सांगून पाहिले.

विषयवार तासांचे कोष्टक मी देणार नाही. बीजगणिताला आणि भूमितीला जसे ४० गुण आहेत तसेच भूगोलालाही आहेत, एवढे मात्र ध्यानात असू द्या. भूगोल फेब्रुवारीवर ढकलणारे पुष्कळ असतात.

एक मान्य करायला हवे. घर एका खोलीचे असेल आणि रात्री अकरापर्यंत दूरदर्शन संच चालू राहत असेल, तर पहाटेवाचून इलाज नाही. मग नऊला झोपण्याची मुभा घरच्यांकडून भांडून घ्या. आणि बोर्डाचा पेपर सकाळी अकराला सुरू होतो, तेव्हा रात्री जागणाऱ्यांनीही शेवटच्या महिन्यात ती सवय मोडावी.