बंद फायरप्लेस, नवा इन्सर्ट

प्रश्न : न्यू जर्सीत घेतलेल्या जुन्या घरातली विटांची फायरप्लेस कित्येक वर्षं बंद आहे. आता तिच्यात लाकडावर चालणारा इन्सर्ट, म्हणजे आत बसणारी बंद शेगडी, बसवायचाय. आधीची सफाई घरीच केली तर चालेल का?

उत्तर : खालची साफ करा, धुरांड्याला मात्र जाणकार माणूस लावा. राख कोरडीच उचला आणि झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा. पाणी मारलंत तर तिचा क्षार विटांत मुरतो, हातही सोलवटतात. घरातला व्हॅक्यूम क्लीनर अजिबात नको. काजळी त्याच्या फिल्टरमधून निसटून पडद्यांवर जाऊन बसते. अगदी बारीक कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा, राखेसाठीचाच हवा. तोंडाला एन-९५ मास्क लावा.

खरी घाण डॅम्परच्या, म्हणजे धुरांड्याच्या तोंडाशी असलेल्या झडपेच्या, मागच्या कट्ट्यावर असते : काजळीचे ढीग, काटक्या, मेलेले पक्षी. धुरांड्यात राहणाऱ्या चिमनी स्विफ्ट पक्ष्याचं घरटं नांदतं असेल तर मात्र पिल्लं उडेपर्यंत थांबा. अमेरिकेत या पक्ष्याला कायद्याचं संरक्षण आहे.

भुरभुरीत काजळी ब्रशने निघते. लाकडाच्या धुरातून साचणाऱ्या क्रिओसोटचा डांबरासारखा चकचकीत थर निघत नाही, त्याला ड्रिलवर फिरणाऱ्या साखळ्या लागतात. ‘धुरांड्यात स्टीलचा लायनर, म्हणजे आतली नळी, टाकणारच आहोत, मग राहू दे’ असं म्हणणारे भेटतील, ऐकू नका. लायनरबाहेर राहिलेला थर पेटू शकतो आणि दमट हवेत घरभर दर्प सोडतो.

सफाईनंतर एनएफपीए २११ या धुरांड्यांच्या अमेरिकी सुरक्षा मानकाप्रमाणे दुसऱ्या पातळीची, म्हणजे कॅमेरा आत सोडून केलेली तपासणी मागा. लायनर बहुतेकदा ६ इंची असतो. तो उतरवायला डॅम्परची पट्टी काढावी किंवा कापावी लागते.