एकाच देशातील प्रदेशांच्या विकासात एवढी तफावत का टिकून राहते?
कायदे, चलन आणि शासन एक असूनही काही प्रदेश मागेच का राहतात, याचे नैसर्गिक साधनसंपत्तीकडे बोट दाखवून दिले जाणारे उत्तर मला अपुरे वाटते. स्वीडिश अर्थतज्ज्ञ गुन्नार मिर्दाल यांनी १९५०च्या दशकात मांडल्याप्रमाणे, एकदा पुढे गेलेला प्रदेश भांडवल आणि शिकलेले तरुण स्वतःकडे ओढत राहतो, त्यामुळे मागासलेल्या भागाचे करउत्पन्न आणि पर्यायाने तेथील शाळा-दवाखानेही खालावत जातात. दक्षिण इटलीसाठी १९५० मध्ये खास निधी स्थापन झाला, रस्ते आणि कारखाने उभे राहिले, तरी उत्तरेशी असलेली दरी आजही बुजलेली नाही. केवळ बांधकामांवर विसंबणे म्हणूनच मला धोक्याचे वाटते; स्थानिक शिक्षण, आरोग्य आणि प्रशासन यांवर दीर्घकाळ खर्च व्हायला हवा.