वाचकांचे प्रश्न : ओहोटीला वाळूवरून गळ टाकायचा तर

प्रश्न : नमस्कार भाऊ, मी भुसावळचा, लहानपणापासून तापीवर गळ टाकतोय, हतनूर धरणाकडे पण जाणं असतं. यंदा भाऊबीज झाली की पोरांना घेऊन दिवेआगरला चाललोय, होडीबिडी काही नाही, वाळूवर उभं राहूनच मासे धरायचेत. सगळे म्हणतात ओहोटी बघून जा. पण ओहोटीला तर पाणीच लांब जातं, मग मासा लागणार कुठून? आणि वेळ कशी काढायची?

उत्तर : भाऊ, ओहोटी बघायला सांगतात ते वाळू बघण्यासाठी. तापीचा डोह कुठे, खडक कुठे हे तुम्हाला पाठ आहे, समुद्राचा तळ मात्र भरतीला झाकलेला असतो आणि ओहोटीला तो उघडा पडतो. पाणी पार खाली गेलं की गळ बाजूला ठेवा नि नुसते चाला. किनाऱ्याला समांतर लांबट खोलगट चर दिसतील, गुडघाभर पाणी साचलेले, त्यात बोटाएवढी पिल्लं पळताना दिसतात, कडेला खेकड्यांनी काढलेल्या वाळूच्या बारीक गोळ्या पडलेल्या असतात. भरतीचं पाणी आधी याच चरात शिरतं आणि खाणं शोधत मासा त्याच्या मागोमाग येतो. मागे सुरूचं झाड नाहीतर एखादं घर धरून जागा लक्षात ठेवा. ओहोटीचा शेवटचा तास आणि भरतीचे पहिले दोन तास, माझ्या मते खरा वेळ हाच.

वेळेचा हिशेब कोकणातले जुने लोक तिथीवरून करतात, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. म्हणजे चतुर्थीला चार गुणिले पाऊण, पहाटे आणि दुपारी तीन वाजता भरती, त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी, नऊ-सव्वानऊला ओहोटी. रोज ही वेळ पाऊण-एक तास पुढे सरकते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतंच, म्हणून गावातल्या कोळ्यांना विचारून घ्या. तुम्ही भाऊबीजेनंतर जाताय म्हणजे तृतीया-चतुर्थीला सकाळी आठ-नऊची ओहोटी मिळेल, पोरांसोबत एकदम सोयीची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त मागे जातं आणि तेवढंच जोरात परत येतं, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीला, हालचाल कमी.

सामान मात्र नदीचं चालणार नाही. कणकेची गोळी दोन लाटांत विरघळते आणि हलकं शिसं लाट काठावर आणून टाकते, मी पहिल्या वेळी अख्खी सकाळ असाच बसलो होतो. साठ-सत्तर ग्रॅमचं शिसं लावा, गळ बारीक, आमिष ताजी सोललेली कोळंबी, छोटे तुकडे करून. वाळूवर मुडदुशी लागते, बोयही फिरतो. शिंगाळा लागला तर हाताने धरू नका, त्याच्या पाठीवर नि दोन्ही बाजूंना काटा असतो आणि टोचला की हात ठणकायला लागतो. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा आणि डॉक्टरकडे जा. पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत घासत चाला, वाळूत पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, दडलेला असला तर तो आधीच सरकतो. घरी आल्यावर रीळ गोड्या पाण्याने धुवा, खाऱ्या पाण्याने ते पार गंजून जातं.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो, चराच्या पलीकडच्या वाळूच्या उंचवट्यावर पोरांना उभं करू नका. भरतीचं पाणी आधी तुमच्या मागच्या चरात भरतं, समोर समुद्र शांत दिसतो आणि परतायची वाट कमरेएवढी होऊन बसते. पाणी वळलं की लगेच अलीकडे या.

प्रश्न : माझी बहीण सुरतला उधन्यात असते. आम्हाला नंदुरबारहून कोकणापेक्षा ते जवळ. सुरतजवळच्या डुमस किनाऱ्यावर असंच जमेल का?

उत्तर : ताई, तापी तिकडेच समुद्राला मिळते म्हणून ओढ वाटणारच. पण तिथे काळसर वाळू आणि गाळ आहे, आणि खंबातच्या आखाताची भरती-ओहोटी देशातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी. ओहोटीला पाणी पार लांब जातं आणि त्यामागे चिखलात चालत जाणं धोक्याचं, पाय रुततो आणि पाणी भराभर येतं. गळ टाकायचाच असेल तर भरतीच्या वेळी, काठावर राहून, तिथला माणूस सोबत घेऊन टाका.