वाचनालयाची वेबसाइट अंध आणि वयस्कर सभासदांना सहज वापरता यावी आणि कुणाची माहितीही बाहेर जाऊ नये, यासाठी काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय, वर्डप्रेसवरची जुनी साइट नव्याने करायची आहे, पैसे बेताचे आहेत, आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही.

सुरुवात काढून टाकण्यापासून करा. सुगम्यता (अंध, वयस्कर, अपंग अशा सर्वांना साइट वापरता येणं) आणि खासगीपणा ही दोन वेगळी कामं वाटतात, पण बऱ्याच साइटवर दोन्ही बिघडवणारा कोड एकच असतो: बाहेरून आणून चिकटवलेला. नकाशा, व्हिडिओ, फॉन्ट, भेटी मोजणारी स्क्रिप्ट, ‘मी रोबोट नाही’ची चौकट. यातला प्रत्येक तुकडा वाचकाचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक) तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरला कळवतो, आणि यांतल्याच काही तुकड्यांत कीबोर्ड अडकतो, स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम) गप्प बसतो. संगणकावर मुखपृष्ठ उघडून एफ१२ दाबा, नेटवर्क टॅबमध्ये जा आणि पान पुन्हा लोड करा. तुमच्या डोमेनखेरीज जी नावं दिसतील, ती तुमच्या कामाची यादी.

नकाशाच्या जागी पत्ता मजकुरात लिहा (‘एसटी स्थानकासमोर, पहिला मजला, लिफ्ट नाही’ ही माहिती चाकाच्या खुर्चीवरच्या सभासदाला नकाशापेक्षा जास्त उपयोगी आहे) आणि ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशाची साधी लिंक द्या. यूट्यूबचा व्हिडिओ पानात बसवू नका, शीर्षकासह लिंक द्या. बसवायचाच असेल तर त्यांचं ‘नोकुकी’ डोमेन वापरा आणि आयफ्रेमला (बाहेरचं पान आपल्या पानात दाखवणाऱ्या चौकटीला) टायटल द्या, नाहीतर स्क्रीन रीडर नुसतं ‘फ्रेम’ म्हणून पुढे जातो. माग काढणारं काही उरलं नाही की कुकीची परवानगी मागणारा पडदाही लागत नाही. कीबोर्ड वापरणारे अनेकदा त्या पडद्यातच अडकतात.

साइटवर गोल चिन्ह लावून ‘एका ओळीत सुगम्यता’ देणारी विजेट विकली जातात. ती घेऊ नका. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अ‍ॅक्सेसीबी या कंपनीला अशाच दाव्यांबद्दल १० लाख डॉलर भरायला लावले. शिवाय कोण मोठी अक्षरं निवडतं, कोण वाचून ऐकतं, ही माहिती अशा विजेटच्या हाती जाऊ शकते, आणि अपंगत्व ही माणसाची खासगी बाब आहे. अक्षरांचा आकार, रंग, आवाज यांच्या निवडी वाचकाने स्वतःच्या फोनमध्ये आधीच केलेल्या असतात. आपण त्या मोडायच्या नाहीत, एवढंच.

आता मराठीचं, कारण परदेशी मार्गदर्शिकांत हे फारसं सापडत नाही. पानाच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषा सांगणाऱ्या ‘लँग’ची किंमत ‘एमआर’ (मराठी) आहे का ते पाहा. वर्डप्रेसची भाषा इंग्रजी राहिली असेल तर तिथे ‘इएन-यूएस’ असतं. मग काही स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज लावतात आणि देवनागरी मजकूर गाळला जातो किंवा तुटक वाचला जातो. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ‘एमआर’ या एका खुणेमुळे ल आणि श मराठी वळणाचे दिसतात.

जुनी परिपत्रकं आणि पुस्तकयाद्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असतील तर त्या युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीत) आणाव्याच लागतील. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांचे आकार रोमन चिन्हांच्या जागी बसवलेले असतात. डोळ्यांना मराठी दिसतं, स्क्रीन रीडरला निरर्थक रोमन अक्षरं मिळतात आणि शोधातही काही सापडत नाही. परिवर्तक वापरल्यावर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हाताने तपासा, कारण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप केलेली असते. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये तर मजकूरच नसतो, फक्त चित्र असतं. टेसरॅक्ट हे मोफत साधन मराठी ओळखतं, पण मुद्रितशोधन माणसानेच करायचं. वेळ कमी असेल तर आधी वर्गणी, वेळा आणि नियम यांची पानं करा. पाच वर्षांपूर्वीचे अहवाल नंतर.

गुगल फॉन्ट्सची लिंक काढून मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीची फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा. परवाना त्याला मुभा देतो. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने अशा दूरस्थ फॉन्टमुळे वाचकाचा आयपी पत्ता गुगलकडे गेला म्हणून साइटचालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली होती. फाइल लहान करण्यासाठी अनेक जण फॉन्ट छाटतात, आणि मराठी तिथेच मोडते. युनिकोडचा ०९०० ते ०९७एफ हा पट्टा ठेवला तरी पुरत नाही. २००सी आणि २००डी ही अदृश्य चिन्हंही ठेवा, नाहीतर जुन्या मजकुरातला ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’मधला र बिघडतो. फॉन्टटूल्स या साधनाने छाटताना सर्व लेआउट फीचर (अक्षरं कशी जोडायची ते सांगणारे नियम) ठेवायला सांगा, नाहीतर काही जोडाक्षरं पाय मोडून उभी राहू शकतात. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. मजकूर १८ पिक्सेल आणि ओळींची उंची १.७ ठेवली की मात्रा आणि उकार एकमेकांना भिडत नाहीत.

रंगांची कसोटी मोजून घेता येते. वेबच्या सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष, म्हणजे डब्ल्यूसीएजी, यांच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी ४.५ : १ इतका विरोध (अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) लागतो. आपल्याकडच्या संस्थांची आवडती केशरी पट्टी (एफएफ९९३३) आणि तीवर पांढरी अक्षरं यांचा विरोध जेमतेम २.१ भरतो. त्याच केशरीवर काळी अक्षरं लिहिली तर तो १० च्या जवळ जातो. पांढऱ्यावरचा ७७७७७७ हा करडा रंग ४.४८ वर, म्हणजे केसाएवढ्या फरकाने नापास होतो.

सभासदत्वाच्या फॉर्ममध्ये प्रत्येक चौकटीला कायमचं लेबल हवं. चौकटीतला फिकट मजकूर टाइप करताच नाहीसा होतो, आणि विसरायला होणाऱ्या माणसाला काय भरायचं होतं ते कळत नाही. मोबाइल क्रमांक देवनागरी अंकांत लिहिला तर तो नाकारू नका, सर्व्हरवर बदलून घ्या. चूक झाली तर नुसती लाल कड नको, ‘पिनकोड ६ अंकी हवा’ असं शब्दांत सांगा. आधारची प्रत मागू नका. ती जपायची जबाबदारी तुमच्यावर येते आणि पुस्तक द्यायला तिची गरज नाही. कॅप्चाऐवजी (‘मी रोबोट नाही’च्या चौकटीऐवजी) एक सापळा-चौकट ठेवा: सीएसएसने ‘डिस्प्ले नन’ करा, म्हणजे माणसाला दिसत नाही आणि स्क्रीन रीडरही ती वाचत नाही. साधे बॉट (आपोआप फॉर्म भरणारे प्रोग्राम) ती भरतात, तेवढे अर्ज टाका. ती पडद्याबाहेर सरकवून लपवली तर अंध सभासद ती इमानदारीने भरतो आणि त्याचाच अर्ज बाद होतो.

वाचनालयाचा सर्वांत नाजूक ऐवज म्हणजे कोण काय वाचतं. घटस्फोट, कर्करोग, मानसिक आजार यांवरची पुस्तकं कुणी नेली, हे पुस्तक परत आल्यावर नोंदीत राहायचं कारण नाही. कोहा ही ग्रंथालयाची संगणक-प्रणाली वापरत असाल तर आधी एक निनावी सभासद तयार करून त्याचा क्रमांक ‘अ‍ॅनॉनिमसपेट्रन’ या सेटिंगमध्ये भरा, मग ‘ओपॅकप्रायव्हसी’ सुरू करा. जुन्या नोंदी ठराविक दिवसांनी निनावी करणारी स्क्रिप्ट त्यातच आहे. दंड बाकी असेपर्यंतची नोंद मात्र ठेवा.

शोधलेले शब्द पानाच्या पत्त्यात (यूआरएलमध्ये) येतात आणि तिथून सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, साठतात, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तुमचा सर्व्हर एनजिनेक्स या प्रोग्रामवर चालत असेल तर त्याच्या लॉग फॉरमॅटमध्ये ‘रिक्वेस्ट’ऐवजी ‘यूआरआय’ हे चल वापरा, म्हणजे प्रश्नचिन्हापुढचा भाग लिहिलाच जात नाही. रेफररचा (वाचक कोणत्या पानावरून आला ते सांगणारा) रकानाही काढा, कारण शोधानंतर उघडलेल्या पानाच्या नोंदीत तेच शब्द त्यातून परत येतात. भेटी मोजायला लॉगमधून आकडे काढणारं गोअ‍ॅक्सेस पुरतं, त्यात आयपी पत्ता झाकायचा पर्याय आहे. शेवटी ‘कंटेंट-सिक्युरिटी-पॉलिसी’ हेडरमध्ये फक्त स्वतःच्या डोमेनला परवानगी द्या, म्हणजे उद्या कुणी प्लगइन टाकलं तरी ते बाहेरून काही ओढू शकणार नाही. आधी आठवडाभर ‘रिपोर्ट-ओन्ली’ (अडवायचं नाही, फक्त कळवायचं) ठेवा, नाहीतर वर्डप्रेसच्या संपादनाची बाजू बंद पडते.

कायद्याचं एकच सांगतो, कारण तुमच्याकडे बालविभाग असणार. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ प्रमाणे १८ वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते, आणि संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही वाचायचा पर्याय द्यावा लागतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि बहुतेक तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे.

तपासणीला पैसे लागत नाहीत. माउस बाजूला ठेवा आणि टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर एवढ्यांवर पुस्तक शोधून मागणी नोंदवा. कुठे आहोत हे दाखवणारी चौकट कुठेही नाहीशी होता कामा नये. मग ब्राउझर ४०० टक्के मोठा करा. ओळ वाचायला आडवं सरकवावं लागलं तर मांडणी चुकली. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो, त्यात ‘एच’ दाबत शीर्षकांवरून फिरा. पानाचा सांगाडा शीर्षकांतून कळत नसेल तर तिथे ठळक अक्षरं वापरली आहेत, खरी शीर्षकं नाहीत. नंतर एखाद्या अंध सभासदाला त्यांच्याच फोनवर टॉकबॅक (अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर) लावून हेच काम करायला सांगा आणि त्यांच्या वेळेचं मानधन द्या. ते काम करत असताना मध्ये बोलू नका. जिथे ते मागे फिरतात, ती जागा लिहून घ्या आणि दुरुस्ती तिथून सुरू करा.