किलोभर मटणाचा हिशेब

प्रश्न : घरात पाच माणसं, दर रविवारी किलोभर मटण. लाल मांसानं हृदयविकार आणि कॅन्सर होतो, असं मोबाइलवर सारखं येतं. बंद करावं का? (वाचक, विटा)

उत्तर : आधी हिशेब करू. किलोत साधारण पाव भाग हाडं. उरलेलं साडेसातशे ग्रॅम शिजताना पाणी सोडून पाचशे-साडेपाचशेवर येतं. म्हणजे माणशी शंभर-एकशेदहा ग्रॅम. जागतिक कर्करोग संशोधन निधीचा सल्ला आहे, आठवड्याला शिजवलेलं लाल मांस ३५० ते ५०० ग्रॅमच्या वर नको. तुम्ही त्याच्या बरेच खाली आहात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये लाल मांस 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं; 'निश्चित' गटात टाकलं ते सॉसेज-सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस. मोबाइलवर दोन्ही एकाच भांड्यात ओतलेली असतात.

बोकडाची चरबी मुख्यतः पोटात, गुर्द्याभोवती आणि आतड्यांवर साठते. रानाच्या, म्हणजे मांडीच्या, निवडलेल्या कच्च्या मांसात शंभर ग्रॅमला वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि जेमतेम दोन-तीन ग्रॅम चरबी. सीना (छाती) आणि चाप (बरगड्या) जास्त चरबीचे. मेंढीचं मांसही बोकडापेक्षा चरबीचंच. पण हृदयाची काळजी असेल तर आधी रश्श्यावरच्या कटाकडे बघा. वर तरंगणारं बोटभर तेल आणि वाटणातलं पाव किलो सुकं खोबरं (त्यातली बहुतेक चरबी संपृक्तच असते) यांना कुणी दोष देत नाही, बिचारा बोकड बदनाम होतो. खोबरं निम्म्यावर आणा, तेल मोजून घाला. घरात कुणाला युरिक अ‍ॅसिड किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.

प्रश्न : समोर कापलेलं ताजं मटण आणतो, तरी चिवट राहतं. (वाचक, म्हसवड)

उत्तर : बऱ्याचदा ताजेपणाच नडतो. कापल्यावर काही तासांत स्नायू ताठ होतात आणि बऱ्याच वेळानं पुन्हा सैलावतात. त्या आधीच तुकडे थेट फ्रीजरमध्ये गेले तर स्नायू आकसतात आणि मटण चामड्यासारखं होतं. छोटे तुकडे लवकर गार होतात, म्हणून जास्त आकसतात. खाटकाला मोठे तुकडे करायला सांगा, झाकून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी बारीक करून शिजवा. फ्रीज नसेल तर ही युक्ती नको, त्याच दिवशी शिजवा.

दुसरं कारण वय. मुंडी दुकानातच असते. तिचा खालचा ओठ ओढून बघा. बोकडाला वर पुढचे दात नसतातच. सगळे दात बारीक, दुधाचे असतील तर तो अदंत, साधारण वर्षाच्या आतला. मधले दोन रुंद दिसले तर दोन दाती, वर्ष-सव्वा वर्षाचा, तोही चांगला. चार दातीच्या पुढचं मांस गडद लाल असतं. ते मंद आचेवर जास्त वेळ मागतं, शिट्ट्यांची घाई करू नका.

प्रश्न : मुलीचं हिमोग्लोबिन ९ आहे. रोज पायाचं सूप देऊ का? (वाचक, दहिवडी)

उत्तर : सुपात लोह फारसं उतरत नाही, ते मांसात आणि कलेजीतच राहतं. मांसातलं लोह भाजीतल्यापेक्षा चांगलं पचतं. तरी शंभर ग्रॅम बोकडाच्या मांसात ते तीनेक मिलिग्रॅमच. डॉक्टरांची गोळी त्यासाठी थांबवू नका. जेवणात लिंबू द्या, चहा तासाभरानं. कलेजी आठवड्यातून एकदा पुरे. गरोदर बाईला तीही नको, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं.

प्रश्न : जंताचं औषध दिलेला बोकड बाजारात कधी न्यावा? (वाचक, जत)

उत्तर : बाटलीच्या लेबलवर मांसासाठी किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं. तेवढे दिवस भरल्याशिवाय विकू नका. प्रतिजैविकाच्या इंजेक्शनलाही हाच नियम. लेबल फाटलं असेल तर पशुवैद्यकाला विचारा. आणि बाजाराआधी मक्याचा भरडा एकदम वाढवू नका. पोटात आम्ल वाढून बोकड आजारी पडतो, आणि जी चरबी धरते ती पोटातच जाते. ती खाटीक कापून बाजूला टाकतो, तिचे पैसे तुमच्या हातात येत नाहीत.